साखर, विसर आणि नानांचा एमआरआय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील, म्हणजे नाना, 67 वर्षांचे. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात 35 वर्षं यंत्रमागावर काढली, शेवटी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते. मधुमेह 18 वर्षांचा, गेली 6 वर्षं इन्सुलिन. वर्षभरापासून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, आणि परवा शेंगाचटणी आणायला म्हणून नव्या पेठेत गेले ते घरी यायला दोन तास लागले. मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टात लिहून आलं, 'वयोमानानुसार सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी, क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड 2'. त्यातच मधुमेही लोकांची स्मरणशक्ती आणि मेंदूचे स्कॅन यांवरच्या एका अभ्यासासाठी त्यांना बोलावणं आलंय, दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन करणार आहेत. नानांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालाय का, आणि या अभ्यासात त्यांना पाठवावं का, असं तुम्ही विचारताय.

मी सोलापुरात 21 वर्षं सीटी आणि एमआरआय वाचते. आधी सरळ उत्तर देते. या रिपोर्टावरून डिमेन्शिया आहे असं ठरत नाही, आणि नाही असंही ठरत नाही. अभ्यासात जरूर पाठवा, पण काही गोष्टी विचारून घ्या. आता का, ते सांगते.

'अ‍ॅट्रॉफी' म्हणजे आकसणं. हा शब्द वाचून घरातली माणसं हबकतात, आणि रिपोर्ट लिहिणारे आम्ही तो फार सहज लिहितो. साठीनंतर प्रत्येकाचाच मेंदू वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतो. त्यामुळे 67 व्या वर्षी थोडी अ‍ॅट्रॉफी दिसणं हे केस पिकण्यासारखं आहे. खरा प्रश्न असतो तो कुठे आणि किती. मी स्कॅन उघडला की कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग आधी बघते. नवी आठवण साठवण्याचं काम मुख्यतः तिथे चालतं. समोरून घेतलेल्या कापांमध्ये त्याची उंची किती उरलीय आणि शेजारची पोकळी किती रुंदावलीय, यावरून 0 ते 4 असा एमटीए नावाचा गुणांक देता येतो. तुमच्या रिपोर्टात तो नाही. फोन करून विचारा, स्कॅन साठवलेला असतो, तो गुणांक नंतरही देता येतो.

'फझेकास' हे माणसाचं नाव. फ्रान्झ फझेकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मेंदूतल्या पांढऱ्या ठिपक्यांना 0 ते 3 अशी प्रत दिली. 1 म्हणजे सुटे ठिपके, 2 म्हणजे ते एकमेकांना जुळायला लागलेत, 3 म्हणजे मोठे सलग पट्टे. मेंदूच्या आतल्या भागात अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांच्या भिंती जाड झाल्या, रक्त कमी पोचलं की तिथे हे ठिपके दिसतात. पण ठिपक्यांशी मधुमेहापेक्षा रक्तदाबाचं नातं जास्त घट्ट आहे. मधुमेहाची खूण म्हणून अभ्यासांमध्ये जास्त सातत्याने सापडतात त्या दोन गोष्टी: बारीक बारीक जुने इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेले तिळाएवढे ते वाटाण्याएवढे भाग, आणि एकूण मेंदूचं थोडं लवकर आकसणं. त्यामुळे 'ग्रेड 2' वाचलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, बीपी किती असतं? तुमच्या पत्रात बीपीचा आकडाच नाही. तो आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून ठेवा.

मधुमेह आणि विसरणं यांचा संबंध आहे का, तर आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासाने 1999 मध्येच दाखवलं होतं की मधुमेह असलेल्या वयस्कांमध्ये डिमेन्शियाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. आपल्या देशात मधुमेही 10 कोटींच्या वर आहेत, आणि साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. या दोन आकड्यांमध्ये किती माणसं सामाईक असतील याचा विचार केला की आपल्याकडे असे अभ्यास व्हायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टाइप 2 मधुमेह असलेल्या 350 आणि नसलेल्या 363 जणांचे एमआरआय शेजारी ठेवले. मधुमेहींमध्ये हिप्पोकॅम्पस आणि पुढचा-मधला भाग सरासरीने लहान निघाला, आणि चाचण्यांमध्ये ते मागे पडत होते त्याचा बराचसा भाग या आकसण्याशी जुळत होता.

पण ही सरासरी आहे, ताई. शेकडो जण एकीकडे आणि शेकडो जण दुसरीकडे ठेवले की फरक दिसतो. एकट्या नानांचा स्कॅन काचेवर लावला तर मला, किंवा कुणालाही, हा मेंदू मधुमेह्याचा आहे हे ओळखता येणार नाही. ग्रेड 3 चे पट्टे असलेल्या आजी माझ्याकडे येऊन नातवंडांच्या परीक्षांच्या तारखा तोंडपाठ सांगतात, आणि स्वच्छ स्कॅन असलेला माणूस स्वतःच्या बायकोचं नाव चुकतो. दोन्ही मी पाहिलेत.

स्कॅन आणि बुद्धी वेगवेगळ्या वाटांनी कशी जाते याचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण अमेरिका आणि कॅनडात झालेल्या अ‍ॅकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीतलं आहे. तिच्यातल्या मेंदूविषयीच्या भागाचं नाव अ‍ॅकॉर्ड-माइंड, निष्कर्ष 2011 मध्ये आले. एका गटाची साखर अगदी कडक ठेवायची, एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, 6 च्या खाली. दुसऱ्या गटाची 7 ते 7.9 च्या दरम्यान. 40 महिन्यांनी एमआरआय पुन्हा केले, तेव्हा कडक गटाच्या मेंदूचं आकारमान सरासरी 4.62 घन सेंटीमीटरने जास्त टिकलेलं होतं. आनंदच व्हावा असा निकाल. पण स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग यांच्या चाचण्यांमध्ये दोन गटांत फरक नव्हता. आणि मुख्य चाचणीत कडक गटात मृत्यू जास्त होऊ लागले म्हणून 2008 मध्येच ते कडक उपचार थांबवावे लागले होते. केवळ स्कॅनकडे बघून उपचार ठरवला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. नानांच्या बाबतीत हे थेट लागू पडतं, ते पुढे सांगते.

आता त्या 4.62 घन सेंटीमीटरकडे जरा वेगळ्या बाजूने बघू. मेंदू साधारण 1200 घन सेंटीमीटरचा धरला, तर वर्षाचा नैसर्गिक ऱ्हास 6 घन सेंटीमीटरच्या घरात जातो. म्हणजे हे अभ्यास ज्या फरकाच्या मागे असतात तो चमचाभराचा असतो. आणि माणूस दिवसभर पाणी न पिता राहिला तरी मेंदूचं आकारमान अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरू शकतं. एका वर्षाचं म्हातारपण आणि एका दिवसाची तहान, स्कॅनमध्ये दोन्ही सारखंच दिसतं. आपल्या गावात हे विसरून चालत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा 43-44 ला टेकतो, त्यात साखर वाढलेली, लघवीला सारखं जावं लागतंय, आणि नंबर लागेपर्यंत बाकावर दोन तास. अशा माणसाचा पहिला स्कॅन श्रावणात आणि दुसरा ऐन मे महिन्यात काढला तर मेंदू झपाट्याने आकसतोय असं खोटंच चित्र उभं राहील. म्हणून अभ्यास करणाऱ्यांना पहिला प्रश्न हा विचारा: दुसरा स्कॅन त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला, वर्षाच्या त्याच सुमारास आणि दिवसाच्या त्याच वेळी होणार का? 1.5 टेस्लावर एक आणि 3 टेस्लावर दुसरा (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाच्या ताकदीचं माप), असं करून मोजलेल्या फरकावर मी तरी विश्वास ठेवत नाही. रक्तप्रवाह मोजणारं एएसएल नावाचं चित्र घेणार असतील तर त्याआधी चहासुद्धा नको, कॅफीनने मेंदूतला रक्तप्रवाह कमी होतो. सकाळचा चहा सोडायला लावणं सोलापुरात अवघड, पण तेवढं नानांकडून करवून घ्या.

चहा नको म्हटलं म्हणून माणसं उपाशी येतात, आणि ते त्याहून वाईट. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून एक काका आले होते, पहाटे पाचला निघालेले. इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं, पण स्कॅन म्हणजे उपाशीपोटीच असणार असं स्वतःच ठरवून भाकरी खाल्ली नाही. मशीनमध्ये बारा-तेरा मिनिटं झाली आणि त्यांनी हातातला रबरी बल्ब दाबला. बाहेर काढलं तर सदरा पाठीला चिकटलेला, नाव विचारलं तर माझ्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. ग्लुकोमीटरवर 52. साखरपाणी दिलं, दहा-पंधरा मिनिटांनी हसून म्हणाले, 'बाई, मी कुठाय?' त्या क्षणी त्यांची स्मरणशक्तीची चाचणी घेतली असती तर काय गुण पडले असते? साखर 70 च्या खाली असताना घेतलेली कोणतीही बौद्धिक चाचणी फेकून द्यावी, आणि 300 च्या वर असतानाची पण. दुसरा प्रश्न हा विचारा: चाचणीच्या आधी बोटाला टोचून साखर बघणार का आणि ती नोंदवणार का? साध्या एमआरआयला उपाशी राहावं लागत नाही.

मशीनची भीती मात्र बाळगू नका. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, आणि अशा अभ्यासात बहुतेक वेळा शिरेतून औषधही देत नाहीत, त्यामुळे मूत्रपिंडावर भार नाही. आवाज फार येतो. पण आपल्याकडच्या विणकरांचा अनुभव निराळाच आहे. पूर्व भागातले एक आजोबा अर्धा तास इतके शांत झोपले की मीच दोनदा माइकवरून हाक मारली. बाहेर आल्यावर म्हणाले, 'आमच्या मागाची खटखट होती, झोप लागली.' इतके स्थिर काप मला क्वचितच मिळाले असतील. नाना जॉबर होते, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगा: वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. चुंबकीय क्षेत्रात तो हलू शकतो. शंका असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढून घेतात. दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला असेल तर तोही आधी सांगायचा.

पण तोच माग नानांच्या चाचणीच्या आड येऊ शकतो. 35 वर्षं त्या आवाजात काढलेल्या माणसाला वरच्या पट्टीतले आवाज नीट ऐकू येत नाहीत. परीक्षक तीन शब्द सांगतो, पाच मिनिटांनी परत विचारतो. शब्द मुळात ऐकूच आला नसेल तर आठवणार कुठून? कागदावर मात्र 'स्मरणशक्ती कमी' अशी नोंद होते. बहिरेपणा हा डिमेन्शियाचा धोकाही वाढवतो, त्यामुळे कानाची तपासणी दोन्ही कारणांनी करायला हवी. आणि भाषा. तुमच्या घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि उर्दू. नाना हिशोब मनातल्या मनात कुठल्या भाषेत करतात? तुम्हालाच माहीत. 100 मधून 7 वजा करत जा, ही चाचणी चौथी शिकलेल्या माणसाला मराठीत देणं आणि तेलुगूत देणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. वाचता न येणाऱ्यांसाठी म्हणून हरियाणातल्या बल्लभगढमध्ये हिंदीतली एचएमएसई ही चाचणी बनवली गेली, 1995 च्या सुमारास. तसा विचार इथेही हवा. तिसरा प्रश्न हा: चाचणी नानांच्या भाषेत, त्यांच्या शिक्षणाला धरून होणार का, आणि तुलनेसाठी घेतलेली मधुमेह नसलेली माणसं शिक्षणाने आणि बीपीने त्यांच्यासारखीच आहेत का? नाहीतर मधुमेहाचा म्हणून जो परिणाम मोजला जाईल तो शाळेचा किंवा रक्तदाबाचा निघेल.

पेट स्कॅनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेल म्हणून सांगून ठेवते. त्यात किरणोत्सारी साखर शिरेतून देऊन मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते बघतात. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जा खातो जवळजवळ 20 टक्के, म्हणून ही पद्धत उपयोगी. मधुमेह्यात तिचा एक खड्डा आहे. रक्तात आधीच साखर भरपूर असेल तर ती दिलेल्या साखरेशी स्पर्धा करते, चित्र फिकट येतं, आणि मागच्या-वरच्या भागात अल्झायमरसारखाच नमुना उमटू शकतो. माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी एक फाइल आली होती, दुसऱ्या एका शहरात केलेली. निदान अल्झायमरचं. स्कॅनच्या वेळची साखर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, 260. साखर आटोक्यात आणून काही महिन्यांनी पुन्हा केला तेव्हा तो नमुना बराचसा पुसला गेला होता. त्या बाईंनी मधल्या काळात घराची कागदपत्रं मुलांच्या नावावर करून टाकली होती.

आता नानांसाठी, अभ्यासाला जा किंवा न जा, लगेच करायचं ते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किती वर्षं चालू आहे? वर्षानुवर्षं घेतलं तर बी-12 उतरतं, आणि बी-12 उतरलं की माणूस विसरतो, पाय जळजळतात, चिडचिड होते. हे भरून काढता येणारं आहे. बी-12, थायरॉइड, सोडियम, हिमोग्लोबिन करून घ्या. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं आहे का बघा. मन उदास आहे का विचारा, कारखाना सुटल्यावर पुष्कळ जण आतून खचतात आणि घरी ते विसरभोळेपणासारखं दिसतं. डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासला नसेल तर तपासा. डोळ्याच्या मागच्या बारीक रक्तवाहिन्या आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या एकाच घराण्यातल्या, पडद्यावर बिघाड असेल तर मेंदूकडेही जास्त लक्ष द्यावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इन्सुलिन. घेतलंय हे विसरून नाना पुन्हा घेतात का? तुम्ही लिहिलंय की पहाटे कधी कधी ते घामाघूम होऊन उठतात आणि बरळतात. ते वाचून मी तुमच्या पत्रावर तिथेच थांबले. ती साखर उतरल्याची खूण असू शकते. विसरण्यामुळे साखर उतरते आणि वारंवार फार उतरल्याने विसरणं वाढतं, दोन्हीकडून हे चक्र फिरतं. रात्री तीनला दोन-तीन दिवस साखर मोजा आणि ते आकडे घेऊन याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना भेटा. स्मरणशक्ती उतरायला लागलेल्या वयस्क माणसात एचबीए1सी 8 च्या आत असेल तरी पुरतं, हे आता मान्य झालेलं आहे. शेजारच्यांचा 6.5 आहे म्हणून नानांचा 6.5 करायला जाऊ नका. इन्सुलिनचं पेन आजपासून घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात, आणि कॅलेंडरवर खूण.

चालण्याचंही सांगते, कारण त्याचा पुरावा स्कॅनमध्येच आहे. लुक अहेड नावाच्या अमेरिकी चाचणीत मधुमेही आणि वजन जास्त असलेल्या लोकांना 10 वर्षं आहार-व्यायामाची कसून शिस्त लावली होती. त्यांच्या मेंदूतले पांढरे ठिपके दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 28 टक्क्यांनी कमी निघाले. बौद्धिक चाचण्यांचे एकूण गुण मात्र जवळपास सारखेच. इथेही चित्र आणि बुद्धी बरोबर चालल्या नाहीत, तरी कमी ठिपके असलेला मेंदू मी केव्हाही पसंत करीन.

अभ्यासाबद्दल शेवटचं. संमतीपत्र मराठीत किंवा तेलुगूत मागा आणि नानांना मोठ्याने वाचून दाखवा. नैतिक समितीची मंजुरी त्यावर नमूद असायला हवी. अभ्यासासाठीच्या स्कॅनचा खर्च तुमच्यावर पडता कामा नये, आणि नाना केव्हाही, कारण न देता बाहेर पडू शकतात. स्कॅनमध्ये अचानक गाठ किंवा फुगलेली रक्तवाहिनी सापडली तर कोण, किती दिवसांत कळवणार, हे लिहून घ्या. एका स्कॅनने नानांचा फायदा थोडा. दोन वर्षांनी त्याच मशीनवर दुसरा झाला, की त्यांची तुलना त्यांच्याशीच होते, आणि ते कुठल्याही शंभर जणांच्या सरासरीपेक्षा मला जास्त सांगून जातं.

पहिल्या भेटीला जाताना चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते, गोळ्यांची अख्खी पिशवी आणि ग्लुकोमीटर बरोबर घ्या. जुन्या एमआरआयची नुसती फिल्म नेऊ नका, तिच्यावरून आकारमान मोजता येत नाही. सेंटरमधून सीडी मागून घ्या. आणि कमरेचा चांदीचा करदोडा घरीच काढून ठेवायला सांगा, तो बदलण्याच्या खोलीत सोडायला पुष्कळ जण तयार होत नाहीत आणि नंबर हुकतो.